मिसिसिपीत बेट बांधायचंय, माथ्याची उंची कशी ठरवायची?

ओंकार_पैठण

नमस्कार मंडळी. मी मूळचा पैठणचा, सध्या आयोवात जलअभियांत्रिकीत एमएस करतोय. या सत्राच्या प्रकल्पासाठी मिसिसिपीच्या वरच्या भागातला एक तुकडा घेतलाय. विस्कॉन्सिनमधल्या लिंक्सव्हिलजवळ धरण क्रमांक ९ आहे, त्याच्या मागच्या जलाशयाचा खालचा भाग.

ज्यांना ही नदी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९३० मध्ये अमेरिकी काँग्रेसने इथे मालवाहू बार्जसाठी नऊ फूट खोलीचा जलमार्ग मंजूर केला आणि त्या दशकात एकामागून एक धरणं उभी राहिली. मिनिआपोलिसपासून सेंट लुइसपर्यंत अशी २९ लॉक-धरणं आहेत (लॉक म्हणजे बोटी वर-खाली नेणारा पाण्याचा कप्पा). प्रत्येक धरणालगतची कुरणं, दलदल, झाडी पाण्याखाली गेली. जुने उंचवटे तेवढे बेटं म्हणून वर राहिले आणि पुढच्या काही दशकांत लाटांनी तेही खाल्ले. १९८६ च्या जलसंपदा कायद्याने या नदीवर अधिवास पुन्हा उभे करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा, इलिनॉय, मिसूरी अशी पाच राज्यं त्यात आहेत. गेलेली बेटं परत बांधणं हा त्यातला मोठा भाग.

मी तीन बेटं आखलीत. माथा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या दोन फूट वर, उतार एकास तीन (एक फूट उंचीला तीन फूट आडवा), चारी बाजूंनी दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर दगडांचं अस्तर. सरांनी आराखडा परत दिला आणि समासात एवढंच लिहिलं, "हीच उंची का?" माझं उत्तर होतं की बेट वाहून जाऊ नये म्हणून. त्यांचं समाधान झालेलं नाही.

इथे कुणी अशा कामावर आहे का? उंची पुरावरून ठरवायची की आणखी कशावरून? पिचिंग सगळीकडे नको असेल तर काठ टिकतो कसा? आणि नदीच्या प्रवाहाच्या संगणकी मॉडेलमध्ये नेमकं काय तपासायचं?

खडकवासला

ओंकार, मी धरणांच्या संकल्पचित्रांचं काम केलंय, नदीतल्या बेटांचं नाही. तरी माझ्या पद्धतीने सांगतो. आधी वाऱ्याचा वेग आणि उघड्या पाण्याची लांबी यावरून लाटेची उंची काढ. लाट उतारावर किती चढते ते काढ. त्यावर फ्रीबोर्ड, म्हणजे सुरक्षेसाठीची जादा उंची. मग दोन, पाच, दहा, पंचवीस वर्षांच्या पुरासाठी खर्चाचा आलेख मांड आणि दर फुटाला खर्च किती वाढतो ते सरांना दाखव. उतार एकास तीन असताना उंची वाढली की पायाही रुंदावतो, भराव झपाट्याने वाढतो. दगडाचा आकार लाटेवरून काढ, गावच्या खाणीत काय मिळतं त्यावरून नको.

वाळुंज

ओंकार, मी विस्कॉन्सिनमध्ये ला क्रॉसला राहते आणि बरीच वर्षं याच नदीवर काम करते. खडकवासला काकांनी सांगितलेलं लाटेचं गणित लागणारच आहे, पण ते नंतर. तुझ्या सरांना बहुतेक हे ऐकायचं असेल की हे बेट तू कोणासाठी बांधतोयस आणि कोणत्या ऋतूसाठी. ते ठरलं की उंचीला फारसा वाव उरत नाही.

आधी धरणांनी काय बिघडवलं ते नीट समजून घे, आणि ते समजून घेताना जायकवाडी डोळ्यांसमोर आणू नकोस. ही धरणं पूर अडवत नाहीत, त्यांच्यात साठवायला जागाच नाही. पूर आला की दरवाजे पाण्याच्या वर उचलतात आणि नदी जवळपास धरण नसल्यासारखी वाहते. धरणाचा खरा परिणाम कमी पाण्याच्या दिवसांत दिसतो. पूर्वी बर्फ वितळल्याचा पूर ओसरला की जुलै-ऑगस्टमध्ये नदी खूप उतरायची, काठचा गाळ उघडा पडायचा, उन्हाने घट्ट व्हायचा, त्यावर बी रुजायचं. बार्जना नऊ फूट पाणी हवं म्हणून आता तो उतार होतच नाही. पाणी एका पातळीवर धरून ठेवलेलं असतं.

दुसरं नुकसान वाऱ्याने होतं. धरणालगत मैल-दोन मैल उघडं, कमरेएवढं पाणी. वाऱ्याला मध्ये काहीच आडवं येत नाही, लाट वाढत जाते आणि तळाचा बारीक गाळ ढवळते. पाणी गढूळ झालं की ऊन तळाशी पोचत नाही आणि पाण्याखालच्या वनस्पती मरतात. मुळं गेली की गाळ आणखी सैल होतो, आणखी ढवळला जातो. १९८८ च्या दुष्काळानंतर इथल्या कितीतरी पट्ट्यांतून व्हॅलिस्नेरिया नावाची पाण्याखालची वनस्पती नाहीशी झाली. तिच्या कंदांवर कॅनव्हासबॅक बदकं दक्षिणेकडे जाताना पोट भरतात. एवढी लांबलचक नदी, आणि बदकांना उतरायला मोजक्या जागा उरल्या.

म्हणजे बेटाचं पहिलं काम वारा मोडणं. त्यासाठी उंचीपेक्षा जागा आणि दिशा महत्त्वाची. वाढीच्या हंगामात वारा कुठून येतो ते बघ, बेटाच्या आडोशाला किती एकर पाणी शांत राहतं ते मोज. तीन ठेंगणी, लांबट बेटं योग्य जागी असली तर एका उंच बेटापेक्षा जास्त पाणी शांत करतात. जागेसाठी १८९० च्या दशकातले मिसिसिपी नदी आयोगाचे नकाशे काढ आणि आजच्या तळाच्या नकाशावर ठेव. जिथे पूर्वी नैसर्गिक काठ होता तिथे तळ अजून उथळ आणि घट्ट असतो. तिथे बांधलंस तर वाळू कमी लागते आणि बेट खचत नाही. नदीने स्वतः जिथे बेट ठेवलं होतं ती जागा सोडून दुसरीकडे बांधायचं तर त्याला भक्कम कारण हवं.

आता उंची. सुरुवातीच्या बेटांचे माथे दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या आसपास ठेवले जायचे, पुढे ते खाली येत गेले. तुझे २५ वर्षं अधिक दोन फूट म्हणजे पूरमैदानातला उंच बांध झाला. त्यातून काय होतं बघ. पहिलं, शंभर वर्षांच्या पुराची पातळी तुझ्या बेटांमुळे वाढत नाही हे तुला गणिताने दाखवावं लागेल, आणि उंच बेट तिथेच अडकेल. दुसरं, त्या उंचीवर पाणी इतकं क्वचित पोचतं की पूरमैदानातली झाडं तिथे मूळ धरत नाहीत, कोरड्या जमिनीतलं तण शिरतं. तिसरं मुद्दाम सांगते, कारण ते पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. ठेंगणं बेट पुरात जास्त सुरक्षित असतं. पाणी माथ्यावरून जायच्या आधीच दोन्ही बाजूंना पातळी जवळजवळ सारखी झालेली असते, त्यामुळे वरून वाहणाऱ्या पाण्याला फार जोर नसतो. उंच बेटाच्या एका बाजूला पाणी तुंबलं आणि मग ते माथ्यावरून पडलं तर पलीकडचा उतार कापला जातो. म्हणून माथा सगळीकडे एकसारखा ठेवू नकोस. खालच्या टोकाकडे एक सखल भाग दगड घालून पक्का कर. बेटाच्या पोटात पाणी आधी तिथून शिरू दे, मग वरून येऊ दे.

काठाबद्दल. चारी बाजूंनी पिचिंग मला आवडत नाही, आणि त्याला नुसती आवडनिवड म्हणून सोडू नकोस. दगडांच्या त्या उतारावरून कासवाला वर चढता येत नाही, चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्यांना उभं राहायला जागा नाही, पाणी आणि जमीन यांच्यामधला उथळ पट्टाच नाहीसा होतो. त्याऐवजी मुख्य बेटाच्या पुढे पाण्यालगत वीस ते चाळीस फूट रुंदीचा बुटका कट्टा ठेवतात आणि त्यावर विलोच्या काड्या खोचतात. आपल्याकडे ओढ्याकाठी वाळुंज असतो ना, त्याच कुळातलं झाड. पुराने आडवं केलं तरी पुन्हा उठतं. कट्ट्याची थोडी वाळू लाटा नेणार हे आधीच धरलेलं असतं. ती सगळीच जाऊ नये म्हणून काठापासून पाण्यात आडवे असे छोटे दगडी बांध घालतात, दोन बांधांमधलं अंतर बांधाच्या लांबीच्या चार ते सहा पट. त्यांच्यामध्ये वाळू स्वतःच वळणदार किनारा धरते. पूर्ण पिचिंग फक्त वरच्या टोकाला, जिथे प्रवाह सरळ आदळतो तिथे, आणि जिथे वसंतात बर्फाच्या लाद्या काठावर चढतात तिथे. बर्फाच्या जागी उतार एकास चार किंवा त्याहून सपाट ठेव, नाहीतर लाद्या दगडच ढकलून नेतात.

आणि भराव कशाचा? आतला गाभा वाळूचा, वर साधारण फूटभर पोयटा. नुसत्या वाळूवर झाडं धरत नाहीत. हा पोयटा मुख्य प्रवाहापासून दूरच्या, गाळाने भरलेल्या संथ पाण्यातून उपसतात. तिथे डोह तयार होतो, तो माशांना कामी येतो. एकाच उपशात दोन कामं. मात्र माथ्यावर एखादा वाळूचा तुकडा उघडाच ठेव. तिथे पोयटा नको, झाडं नकोत. कासवांना अंडी घालायला तोच लागतो.

उपसा दाखवलास की आणखी एक ओळ आराखड्यात यायलाच हवी. उपशाआधी पाणबुडे उतरवून शिंपल्यांची पाहणी. या नदीत हिगिन्स आय नावाचा संकटग्रस्त शिंपला आहे. त्याच्या वस्तीवर उपसायंत्र लावता येत नाही, आणि लावूही नये.

ओंकार_पैठण

ताई, मनापासून धन्यवाद. मी उंची आधी ठरवून मग बेटाचा उपयोग शोधत होतो, सरांना तेच खटकलं असणार.

दोन गोष्टी विचारतो. डोह माशांना कामी येतो म्हणालात, तो किती खोल आणि कुठे? आणि माझ्या अहवालात फायदा "अधिवास एकक" म्हणून दाखवायचा आहे. म्हणजे जागेला शून्य ते एक असा दर्जा द्यायचा, एकरांनी गुणायचं आणि पन्नास वर्षांची सरासरी काढायची. हा आकडा विश्वासार्ह असतो का?

वाळुंज

डोहाबद्दल सविस्तर लिहिते, कारण या सगळ्या कामात मला सर्वात अवघड आणि सर्वात सुंदर वाटणारा भाग तोच आहे.

ब्लूगिल, क्रॅपी, लार्जमाउथ बास हे मासे उन्हाळ्यात कुठेही राहतात. त्यांची परीक्षा हिवाळ्यात. नदी गोठलेली असते तेव्हा बर्फाखालच्या वाहत्या पाण्याचं तापमान शून्याला टेकलेलं असतं. त्यात या माशांना प्रवाहाशी झुंजत राहावं लागलं तर अंगातली साठवलेली ताकद वसंताआधीच संपते. त्यांना संथ पाणी हवं, सेकंदाला एक सेंटिमीटरपेक्षाही कमी वेगाचं. तापमान एक अंशाच्या वर, जितकं वर तितकं चांगलं. बर्फाची जाडी धरून चार फुटांहून जास्त खोली. मग वाटतं की डोह नदीपासून पूर्ण तोडला की झालं. तसं केलं की ऑक्सिजन संपतो. बर्फावर हिम साचलं की खाली ऊन पोचत नाही, वनस्पती ऑक्सिजन देत नाहीत, तळाचा कुजणारा पाला आहे तोही खाऊन टाकतो. लिटरला तीन मिलिग्रॅमच्या खाली गेलं की मासे संकटात, पाचच्या वर राहिलं तर उत्तम.

म्हणजे नदीचं ताजं पाणी थोडंसं आत यायला हवं, पण त्याबरोबर थंडी आणि वेग येता कामा नये. धरण क्रमांक ४ च्या खाली फिंगर लेक्स नावाची तळी आहेत. तिथे धरणाच्या मातीच्या बांधातून नळ काढले आहेत, त्यांना झडपा आहेत. वरच्या जलाशयातलं ऑक्सिजनयुक्त पाणी गरजेपुरतंच आत सोडता येतं. झडप किती उघडायची यावर माशांचा हिवाळा ठरतो. झडपा नसतील तिथे तेच काम डोहाच्या तोंडाच्या रुंदीने आणि दिशेने साधावं लागतं, म्हणून तोंड शक्यतो खालच्या अंगाला ठेवतात. तुझ्या मॉडेलमध्ये पुराबरोबर जानेवारीतला कमी विसर्गही चालव. बहुतेक विद्यार्थी तो चालवतच नाहीत.

अधिवास एककाबद्दल. पर्यायांची तुलना करायला ते चांगलं साधन आहे. दहा एकरांचा डोह की वीस एकरांचा, एवढ्यापुरतं वापर. पण दर्जा ज्या प्राण्याच्या मॉडेलवरून काढतोस तोच प्राणी तुझ्या प्रकल्पाचा आकार ठरवून टाकतो. ब्लूगिलचं हिवाळी मॉडेल घेतलंस तर डोहच डोह निघतील, बदकाचं घेतलंस तर उथळ पाणी. म्हणून दोन-तीन वेगळ्या गरजांचे प्राणी घे. आणि "काहीच केलं नाही तर पन्नास वर्षांत काय होईल" हे रकाने मनापासून भर. तिथे भविष्य मुद्दाम काळंकुट्ट रंगवलं की कोणताही प्रकल्प छान दिसतो.

वीव्हर बॉटम्सचं उदाहरण अहवालात घे असं मी आग्रहाने सांगेन. मिनेसोटाच्या बाजूला, धरण क्रमांक ५ च्या जलाशयातला मोठा उथळ पसारा. १९८६-८७ मध्ये तिथे आत येणारे फाटे दगडांनी अडवले आणि उपशाच्या वाळूची दोन बेटं केली. प्रवाह कमी झाला की गाळ कमी येईल, पाणी निवळेल, वनस्पती परततील असा हिशोब होता. प्रवाह कमी झाला, पण पुढच्या दहा वर्षांत वनस्पती अपेक्षेसारख्या परतल्या नाहीत. उघड्या पाण्याचा पसारा तसाच राहिला, वारा तसाच राहिला. नदीतून येणारा गाळ रोखला तरी तळाचाच गाळ पुन्हा पुन्हा उठत होता. त्या कामातून पुढच्या बेटांची आखणी बदलली, आणि ते बदलता आलं कारण आधीच्या आणि नंतरच्या नोंदी होत्या.

आता माझ्या अंगणातलं. धरण क्रमांक ८ च्या जलाशयात, स्टॉडर्ड आणि ब्राउन्सव्हिल या गावांच्या मध्ये, तीन टप्प्यांत बेटं झाली. नोव्हेंबरात ब्राउन्सव्हिलच्या बाजूला रस्त्याकडेला उभं राहिलं की हजारो टुंड्रा हंस दिसतात, कंदमुळं उपटत असतात. ही सगळी बेटांची कमाई म्हणून सांगायचा मोह होतो. पण दीर्घकालीन नोंदी ठेवणारी सहा केंद्रं या नदीप्रणालीवर आहेत, त्यातलं एक इथे ला क्रॉसला. त्यांच्या नोंदींत दिसतं की २००० नंतर वनस्पती जिथे बेटं बांधली नाहीत अशा जलाशयांतही वाढल्या. बेटांनी मदत केली यात मला शंका नाही. एकट्या बेटांनी केलं असं मात्र मी कुठेही लिहिणार नाही, तूही लिहू नकोस.

शिवाय इथे २००१ आणि २००२ च्या उन्हाळ्यात पाणीच उतरवलं होतं, धरणापाशी दीड फूट. बार्ज अडकू नयेत म्हणून आधी जलमार्ग उपसून ठेवला होता. दीड फुटाने काय होणार असं वाटेल, पण इतक्या सपाट तळावर दीड फुटात प्रचंड गाळ उघडा पडतो. तू पैठणचा आहेस, तुला गाळपेर सांगायला नको. पाणी हटलं की उघड्या गाळावर किती जोमाने उगवतं ते तुमच्याकडच्या शेतकऱ्यांना पाठ आहे. इथे पेरणारं कुणी नव्हतं, बी गाळातच होतं. पहिल्या वर्षी हंगामी रोपं आली, दुसऱ्या वर्षी बाणाच्या टोकासारख्या पानांची सॅजिटेरिया पसरली. तिचेच कंद हंस खातात. धरण क्रमांक ५ च्या मागे २००५ आणि २००६ मध्ये हेच केलं. तुझ्या अहवालात बेटांच्या शेजारी "पाणी उतरवणे" हा पर्याय ठेव. एकही दगड न टाकता नदीला तिचा हरवलेला ऋतू थोडा परत मिळतो, आणि मला तो पर्याय पहिला तपासावासा वाटतो.

निफाडकर

धागा वाचून राहवलं नाही. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालोय, आमचं गाव नांदूर मध्यमेश्वरपासून जवळ. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा इंग्रजांच्या काळातला बंधारा, तिथूनच गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे निघतात. मागे गाळ साचत गेला, त्यातून गवताळ बेटं आणि दलदल झाली, पक्षी आले. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव जाहीर झालं. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर गर्दी असते.

गावात दोन मतं आहेत. एक म्हणतं सगळा गाळ काढा, पाणी जास्त साठेल, शेताला होईल. दुसरं म्हणतं हातच लावू नका. जलपर्णी तर सगळ्यांनाच नकोय. ताई, तुमच्याकडची बेटं, डोह, काठ यातलं आमच्या गोदेला काय लागू पडेल?

वाळुंज

काका, नमस्कार. मी कऱ्हाडची, कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढले, त्यामुळे तुमच्या प्रश्नात मला वेगळी आस्था आहे. जे लागू पडत नाही ते आधी सांगते.

वाळूची बेटं बांधायचा विचारही गोदावरीत करू नये. इथे मिसिसिपीत वाळू उदंड आहे. चिपेवा नदी इतकी वाळू आणून टाकते की तिने मिसिसिपीच अडवून पेपिन नावाचं मोठं सरोवर केलंय. दरवर्षी जलमार्गातून वाळू उपसावीच लागते आणि ती ठेवायची कुठे हा प्रश्न असतो, म्हणून बेटं परवडतात. आपल्याकडे नदीतली वाळू आधीच ओरबाडली गेलीय. उरलेली आहे तिथे राहू द्यावी.

दुसरं, तुमच्याकडे पातळी स्थिर नाही. पावसाळ्यात वरच्या धरणांतून विसर्ग, नंतर कालव्यांची आवर्तनं, मग उतार. इथे जे दीड फुटाचं उतरवणं आम्ही परवानग्या काढून, जलमार्ग उपसून मिळवतो ते तुमच्याकडे आवर्तनांमुळे होतच असणार. फक्त ते पक्ष्यांच्या वेळापत्रकाने होत नाही. म्हणून माझी पहिली नजर दगड-मातीच्या कामाआधी दरवाजांच्या वेळापत्रकाकडे जाईल. स्थलांतरित पक्षी असतात त्या महिन्यांत पातळी एकदम चार फूट वर-खाली झाली तर चिखलात खाणाऱ्या पक्ष्यांची जागा एका दिवसात बुडते किंवा कोरडी पडते. तेच पाणी तेवढंच, पण हळूहळू उतरत गेलं तर उघड्या गाळाचा पट्टा रोज थोडा पुढे सरकतो आणि खाणं सतत मिळत राहतं. शेतकऱ्याच्या वाट्याला हात न लावता यात किती करता येईल हे तुम्ही, आवर्तनं सोडलेला माणूस, माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

गाळाबद्दल मला स्पष्ट वाटतं. ती पाणथळ जागा गाळामुळेच झाली आहे. सगळा गाळ काढला तर मागे एक खोल तळं उरेल. त्यात डुबी मारणारी बदकं येतील, उथळ पाण्यातले आणि चिखलातले पक्षी जातील. पण हातच लावायचा नाही हेही पटत नाही, कारण गाळ भरता भरता एक दिवस तिथे शेतजमीन होईल. मधला मार्ग म्हणजे जुन्या पात्राच्या ओळीत काही डोह मोकळे करायचे, म्हणजे उन्हाळ्यात माशांना आसरा राहील, आणि काढलेला पोयटा शेतकऱ्यांना द्यायचा. उथळ भाग तसाच ठेवायचा. डोह कुठे, हे गावातले मासेमारी करणारे लोक कुठल्याही सर्वेक्षणाआधी दाखवतील.

जलपर्णीला मात्र बेट, डोह, काठ यातलं काहीच औषध नाही. ती वरून, नाशिककडून येणाऱ्या सांडपाण्यावर पोसली जाते. ते पाणी शुद्ध होऊन आलं नाही तर यंत्राने काढत राहा, ती येत राहील. अधिवासाच्या आराखड्यात पहिलं पान त्याचं असायला हवं, मग ते काम कुणाच्या का अखत्यारीत असेना.

खडकवासला

काका, लाल आणि निळी पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या रेषा) तपासल्याशिवाय संगमावर भराव कोणताच नको, एवढी माझी भर. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवला तर तोही भरावच होतो. पुढच्या पुरात परत आत जातो ते वेगळंच.

ओंकार_पैठण

ताई, काका, मी बेटांचे माथे पाच वर्षांच्या पुरापर्यंत खाली आणले. वाळू निम्म्याहून कमी लागतेय. जानेवारीचा विसर्ग आता मॉडेलमध्ये घालतोय. निफाडकर काका, सुट्टीत घरी आलो की चापडगावला यायचं आहे. बंधाऱ्याच्या पातळ्यांच्या जुन्या नोंदी बघायला मिळतील का? हिवाळ्यातल्या चढउताराचा आलेख मी करून देईन.

निफाडकर

जरूर ये. नोंदवह्या असतात, अर्ज करावा लागेल, मी सोबत येतो. पक्षीगणना दरवर्षी होते, तिचे आकडे वनखात्याकडे मिळतील.

वाळुंज

हे फार चांगलं होईल. ओंकार, पातळ्या रोजच्या माग. महिन्याच्या सरासरीत दोन दिवसांत बुडालेला चिखल दिसत नाही. दरवाजे कधी उघडले-मिटले त्याची वेळ आणि दोन्ही कालव्यांत सोडलेला विसर्ग त्याच तारखांना जोडून घे. गणनेच्या दिवशी पातळी किती होती तो रकाना वेगळा ठेव, नाहीतर पक्षी कमी झाले की त्या दिवशी चिखलच बुडालेला होता हे कधी कळणार नाही. आणि तळाची पातळी चार-पाच ठिकाणी आडव्या रेषेत मोजून घे, मासेमारी करणारं कुणीतरी होडीत बरोबर असू दे. पातळी आणि तळ दोन्ही हातात आले की कोणत्या तारखेला किती एकर गाळ उघडा होता ते काढता येतं. तो तक्ता झाला की इथेच टाक, आपण सगळे मिळून बघू.